सातवा हात

मी माझ्या जावेच्या चपला ज्वारीच्या कोठीमागं लपवल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात ही गोष्ट चार तऱ्हेनं सांगितली जाते आणि चारही तऱ्हांमध्ये मी आहे त्यापेक्षा वाईट दिसते. चपला लपवल्या एवढं खरं. बाकी जीव घेण्याचा वगैरे काही विचार नव्हता.

तेव्हा मी सरपंच होते. आमचं गाव शेंद्र्याच्या पुढं, एमआयडीसीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. अर्धं गाव कंपनीच्या शिफ्टवर जगतं, बाकीचं ज्वारी-कापसावर, आणि आम्हा धनगरांची काही घरं अजून मेंढरांवर. आमच्या एका घरात हे तिन्ही आहे. नवरा कंपनीत फिटर, शेत सासऱ्यांच्या नावावर, आणि थोरले दीर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात ते मिरगाला परत येतात. माझी दोन्ही लेकरं शिकायला शहरात. मग घरात उरलो सासरे, नवरा, मी आणि थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते. चूल एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापायला तिनंच शिकवलं. माझी पहिली भाकरी बघून ती म्हणाली होती की हिचा नकाशा शाळेच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं आणि मी बारावी शिकलेली, तोंडानं फटकळ, म्हणून पॅनलवाल्यांनी मला उभं केलं. नऊ सदस्यांचं गाव. आमचे सहा निवडून आले, समोरचे तीन. त्या सहांत एक आक्का होती. एका वॉर्डात बाईच्या जागेवर दुसरी कुणी उभी राहायला तयार नव्हती, म्हणून तिचं नाव घातलं. तिला विचारलं होतं का, हे मी आठवून पाहिलं. आठवत नाही. म्हणजे विचारलं नव्हतं.

पंचायतीच्या कामाची आमच्याकडची रीत अशी होती की महिन्याची सभा कागदावर भरायची. ग्रामसेवक ठराव लिहून आणायचे, शिपाई ते ठरावाचं बुक पिशवीत घालून घरोघरी फिरायचा आणि सदस्य जिथं सापडेल तिथं सही करायचा. कुणी गोठ्यात, कुणी पानटपरीवर, एक जण तर न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याला फडकं बांधलेलं असताना. आक्काची सही मी स्वतः घ्यायचे. ती चुलीपुढं बसलेली असायची, हात पिठाचे. मी बुक धरायचे, ओळीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, इथं करा. ती पदराला हात पुसायची आणि एकेक अक्षर काढत सही करायची. सुरुवातीला विचारायची, कशाची हाय. मी म्हणायचे, गावाच्या कामाची. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. मला तेही बरंच वाटलं, भाकरी करपायची नाही.

दोन वर्षं अशी गेली. कायद्यानं दोन वर्षं सरपंचाला कुणी हलवू शकत नाही, आणि मला वाटायला लागलं होतं की हे सगळं माझ्या कर्तबगारीमुळं चाललंय.

दोन वर्षं संपली तसं उपसरपंचांनी डोकं वर काढलं. हे आमच्याच पॅनलचे. कंपन्यांना मजूर पुरवायचं काम करतात, त्यामुळं माणसं गोळा करायची त्यांना सवय. आमच्यातले दोघं त्यांनी फोडले आणि समोरचे तीन आपल्याकडं ओढले. नवऱ्यानं कंपनीच्या गेटवरच्या चहाच्या हॉटेलात ऐकलं आणि शिफ्ट अर्धी टाकून घरी आला. दुसऱ्या दिवशी अविश्वास ठरावाची नोटीस तहसीलला पोहोचली. सात दिवसांच्या आत सभा लागणार होती.

हिशोब सोपा होता. सरपंच बाई असली की तिला काढायला चारात तीन हात लागतात. नऊ जणांत सात. त्यांच्याकडं सहा होते. आमच्याकडं तीन: मी, आक्का आणि एक निवृत्त एसटी कंडक्टर, ज्यांना सगळं गाव कंडक्टरकाका म्हणतं. त्यांना एकच हात कमी पडत होता आणि मला दोन हात सांभाळायचे होते.

माझं माहेर पडेगाव. तिथून दौलताबादचा किल्ला जवळ, त्यामुळं शाळेची सहल दरवर्षी तिथंच. अंधारी वाट, खंदक, वरून उकळतं तेल ओतायची जागा, हे सगळं मला पाठ आहे. एका वर्षी आमच्या गुरुजींनी सांगितलं होतं की असले किल्ले बाहेरून पडत नाहीत, आतला माणूस दार उघडतो तेव्हा पडतात. म्हणून राजाला झोपताना शत्रूची भीती नसते, भावाची असते. कुठं बंडाची नुसती कुणकुण लागली की राजे लोक आधी घरातलीच माणसं धरायचे. कुणाला कोंडायचे, कुणाचे डोळे काढायचे. मला तेव्हा वाटायचं, काय खुळी माणसं आहेत ही. बंड करतंय कोण आणि हे डोळे काढतायत कुणाचे. पुढं माझ्यावर पाळी आली तेव्हा मी काही वेगळं केलं नाही. माझ्याकडं तुरुंग नव्हता, ज्वारीची कोठी होती, एवढाच फरक.

ते सहा जण ट्रॅव्हलर गाडीत बसून सहलीला गेले. अविश्वास म्हटलं की सहल आलीच. सभेच्या दिवसापर्यंत माणसं गावात ठेवायची नाहीत, नाहीतर कुणी मामा, कुणी मेव्हणा येऊन मन वळवतो. हे सहा कोकणात गेले. हे गुपित होतं, पण त्यांच्यातल्या एकानं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि त्याला राहवलं नाही. गॉगल लावून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यानं स्टेटस टाकलं, त्यावर लिहिलं 'मित्रांसोबत'. मी ते स्टेटस दिवसातून वीस वेळा बघायचे. हसू यायचं, आणि मग त्याच्या मागं कोण कोण उभं आहे ते मी मोजायचे.

नवरा म्हणाला, आपणही आपल्या दोघांना कुठंतरी नेऊन ठेवू. सासरे म्हणाले, त्यापेक्षा बेलभंडारा उचलू दे. आमच्यात खंडोबापुढं बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शब्द दिला की विषय संपतो. त्यानंतर कुणी फिरत नाही, फिरला तर त्याच्याशी कुणी सोयरीक करत नाही. मला ते पटलं. खर्च नाही, गाडी नाही, आणि पक्कं काम.

रविवारी सकाळी कंडक्टरकाकांना बोलावलं. देव्हाऱ्यापुढं सतरंजी टाकली. सासऱ्यांनी भंडाऱ्याचा डबा उघडला. काका आंघोळ करूनच आले होते, त्यांनी बेलपान घेतलं, त्यावर भंडारा घेतला आणि तिकीट फाडून द्यावं इतक्या सहज शब्द देऊन टाकला. वर चहा मागितला. मग मी आक्काला हाक मारली. ती चुलीपासून उठून आली, उंबऱ्यात थांबली, काय चाललंय ते तिला तिथंच कळलं.

"मी बी उचलायचा?" तिनं विचारलं.

मी म्हटलं की सगळ्यांनीच उचलायचा, त्यात काय एवढं.

"तू उचलला का?"

मी कशाला उचलू, खुर्ची माझीच नाही का, असं मी म्हणाले. हे बोलताना मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

"सव्वीस वरसं एका चुलीवर खाल्लं आपण," आक्का म्हणाली. "माझ्याकडून नाय भंडारा उचलायचा." आणि आत गेली.

आता इथं शहाणी बाई गप्प बसली असती. कारण ज्याच्याकडून शपथ घ्यायची त्याच्यावर आपला विश्वास नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही कळतं. शेजाऱ्याकडून घेतात, भाऊबंदाकडून घेतात, चुलीवरच्या माणसाकडून घेत नाहीत. पण माझं डोकं फिरलं होतं. मी तिच्या मागं चुलीपाशी गेले आणि कंडक्टरकाकांना, सासऱ्यांना, शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. उचलत नाही म्हणजे तुमचं तिकडं ठरलंय. घरात राहून घर फोडायचं असलं तर चूल वेगळी करा.

आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली.

त्यानंतरचे दोन दिवस आठवले की मला माझीच लाज वाटते. मी तिच्यावर पहारा ठेवला. ती गिरणीत निघाली की मलाही दळण आठवायचं. ती नळावर गेली की मी दुसरा हंडा घेऊन मागं. तिचा साधा फोन होता, तो मी चार्जिंगला लावते म्हणून माझ्या खोलीत आणून ठेवला. आणि सोमवारी सकाळी तिच्या चपला उचलून कोठीमागं टाकल्या. चपला नसल्या की बाई उन्हात वेशीपलीकडं जाणार नाही, असा माझा हिशोब. फाल्गुन होता, अकरानंतर फुफाटा पायाला चटके द्यायचा.

मंगळवारी दुपारी मी पंचायतीतून परत आले तर चूल विझलेली, भाकरी टोपल्यात झाकलेल्या, आणि आक्का नाही. शेजारणीनं सांगितलं. पिशवी घेऊन, डोक्यावरून पदर ओढून, अनवाणी गेली. वेशीतून, टपरीवरून, देवळापुढून, सगळ्यांच्या देखत चालत जालना रोडवर गेली आणि बसमध्ये बसली. गावात संध्याकाळपर्यंत एकच बोलणं होतं, की सरपंचाची जाऊ अनवाणी गेली. कंडक्टरकाका येऊन एवढंच म्हणाले की पोरी, हे बरं नाही झालं.

तिचं माहेर हर्सूलला, तलावाकडच्या अंगाला. तिचा भाऊ तिथं दोन म्हशी राखून आहे. उपसरपंचांना ही बातमी कोकणात पोहोचायला एक तासही लागला नसेल. ते सहल तशीच सोडून, बाकीच्या पाच जणांवर आपला मेव्हणा बसवून, बुधवारी थेट हर्सूलला आले. सरपंचपद बाईचंच, आणि त्यांच्या सहांत बाया तीन, पण दोघींनी सरपंच व्हायला आधीच नकार दिलेला आणि तिसरी बिचारी माईक दिसला की घामेघूम होणारी. त्यामुळं त्यांनी आक्काला सांगितलं की तुम्हीच सरपंच व्हा. हे मला तिच्या भावजयीनं फोनवर कळवलं. तिनं आक्का काय म्हणाली ते सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सभा शुक्रवारी होती. गुरुवारी सकाळी नवरा म्हणाला, मी चार माणसं घेऊन हर्सूलला जातो. मी म्हटलं, तुम्ही शिफ्टला जा. कोठी सरकवली, चपला काढल्या, त्यांच्यावरची ज्वारीची धूळ पदरानं पुसली आणि पिशवीत घालून एकटीच निघाले. बसमध्ये मी काय काय बोलायचं ते जुळवत होते. मतावर यायचं कसं, रडायचं का, सासऱ्यांचं वय मध्ये आणायचं का. हर्सूलला उतरले तेव्हा त्यातलं एकही वाक्य धड उरलं नव्हतं.

आक्का गच्चीवर होती. कुरडया चालल्या होत्या. गव्हाचा चीक पातेल्यात गरम, धोतर अंथरलेलं, आणि ती एकटी सोऱ्या दाबतेय. हे दोन बायांचं काम आहे. एकीनं चीक भरायचा, दुसरीनं दाबायचं. मी पातेल्याशी बसले आणि चीक भरून द्यायला लागले. तिनंही घेतला. दोन ओळी झाल्या.

मग तिनं हात धुतले, घरात गेली आणि एक घडी केलेला कागद घेऊन आली. ठरावाची झेरॉक्स होती. उपसरपंचांनी आणून दिलेली.

"ह्यावर माझी सही हाय," ती म्हणाली.

मी कागद घेतला आणि वाचायच्या आधीच ओळखला. गावच्या गायरानातली जागा सौर प्रकल्पाला द्यायला पंचायतीची हरकत नाही, असा तो ठराव. त्या दिवशी मला घाई होती. रस्ता होईल, दिवे येतील असं सगळे म्हणत होते. मी बुक घेऊन चुलीपाशी गेले होते, बोट ठेवलं होतं, इथं करा म्हटलं होतं.

"मिरगाला मेंढरं येतील," आक्का म्हणाली. "तेव्हा त्यांना काय सांगू? तुमच्या बायकूनंच गायरान दिलं म्हनू?"

खरं सांगायचं तर त्या ठरावाच्या वेळी मला मेंढरं आठवलीच नव्हती. माझ्या घरची मेंढरं. ज्यांच्या लोकरीच्या घोंगडीवर माझी लेकरं वाढली, ती. मला रस्ता दिसला, दिवे दिसले, उद्घाटनाची फीत दिसली. बंड कशाला झालं म्हणून मी आठवडाभर सगळ्यांना शिव्या घालत होते, आणि कारण माझ्याच बोटाखाली होतं. मला रडू आलं. बसमध्ये ठरवलेलं रडणं हे नव्हतं.

मत मागायचं मी विसरले, की मला मागवेना, कोण जाणे. मी पिशवीतून चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या आणि म्हटलं, "आक्का, ह्या मी लपवल्या होत्या."

"ठावं हाय. कोठीमागं. झाडताना दिसल्या मला."

"मग घातल्या का नाय?"

"तू लपवल्यास," ती म्हणाली, "तूच काढून द्यायच्या."

ती पुन्हा सोऱ्याशी बसली. मी जायला उठले तेव्हा न राहवून विचारलं की उद्या येणार का. ती म्हणाली की कुरडया वाळल्या तर येईन. एवढ्यावर मी परत आले. नवऱ्यानं विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं, कुरडया वाळल्या तर येणार. तो बाहेर जाऊन आभाळ बघून आला. पण खरं सांगते, त्या संध्याकाळी मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. खुर्ची जाणार हे मी मनात धरून टाकलं होतं, आणि चपला दिल्यामुळं छाती थोडी मोकळी झाली होती.

शुक्रवारी अकराला तहसीलदार साहेब आले. पंचायतीबाहेर गाव जमलं होतं. ट्रॅव्हलर वेशीतून हॉर्न वाजवत आली, उपसरपंच वाटेतच तिच्यात चढलेले. सहाही जण रापले होते, एकाच्या डोक्यावर नवी टोपी होती आणि ती माईकला घाबरणारी बाई प्रवासानं पांढरीफटक पडली होती. उपसरपंचांनी मला हसून नमस्कार केला. पाच मिनिटांनी रिक्षा आली. त्यातून आक्का आणि तिचा भाऊ उतरले. तिनं दाराशी चपला काढल्या, नीट जोडीनं ठेवल्या, आणि आत येऊन बसली. ना माझ्या बाजूला, ना त्यांच्या. मधल्या खुर्चीवर.

साहेबांनी नोटीस वाचली. मग विचारलं की कुणाला बोलायचं आहे का. उपसरपंच बोलले, मी मनमानी करते, सदस्यांना विचारत नाही. ते खरं होतं, म्हणून मी गप्प बसले. मी बोलायला उठले तेव्हा एवढंच म्हणाले की ह्यांचं म्हणणं बरोबर आहे, मतदान घ्या. कंडक्टरकाकांनी कपाळावर हात मारला.

तेव्हा आक्का म्हणाली, "साहेब, मला वाचायचंय."

तिनं कमरेतून तोच कागद काढला. मला माहीत होतं ती काय वाचणार. मी जमिनीकडं बघायला लागले. आक्का चौथीपर्यंत शिकलेली. सही करते हे सगळ्यांना ठाऊक होतं, वाचते हे मलाही ठाऊक नव्हतं, सव्वीस वर्षांत मी कधी तिच्या हातात छापलेला कागद दिला नव्हता. तिनं अक्षराखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर जोडत वाचू लागली. गायरान आलं. सौर प्रकल्प आला. बाहेरची माणसं खिडकीशी सरकली. उपसरपंच मान हलवत होते, त्यांना वाटत होतं सगळं त्यांच्याच कामाचं चाललंय. पण ती थांबली नाही. ठराव संपला तरी बोट खाली सरकत राहिलं. सूचक, तिनं वाचलं. आणि पुढं उपसरपंचांचं नाव, हुद्द्यासकट. अनुमोदक, आणि पुढं नव्या टोपीवाल्याचं.

"मला दाखवताना ह्यांनी खालचा कागद दुमडला व्हता," ती साहेबांना म्हणाली. "म्हनले, बघा, तुमच्या जावेनं काय केलं. ते गेल्यावर मी उलगडला. मी सावकाश वाचते साहेब, पन शेवटपत्तर वाचते."

साहेब कागद मागून बघू लागले.

"ही बी काय नीट वागली नाय," आक्का माझ्याकडं बोट करून म्हणाली. "तिचं माझं घरी बघून घिऊ. पन हिला काढायची तर ह्यांच्या हातानं नाय."

साहेबांनी ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. सहा हात वर गेले, त्यातला माईकला घाबरणाऱ्या बाईचा हात अर्धाच. साहेबांनी मोजले. पुन्हा मोजले. आक्काचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि तिच्या अंगठ्याला अजून कुरडईचा वाळलेला चीक चिकटलेला होता. मी त्या अंगठ्याकडं बघत होते. ठराव फेटाळला, असं साहेब म्हणाले. मी पंचायतीच्या मागच्या हापशावर जाऊन तोंड धुतलं, आणि तिथंच खाली बसून हसले आणि रडले, दोन्ही एकदम. एवढं हलकं मला पहिल्या बाळंतपणात सुटका झाल्यावरच वाटलं होतं.

नवऱ्याला सूड हवा होता. उपसरपंचांच्या गल्लीचा नळ, त्यांच्या घरापुढचा दिवा, त्यांची कामं, सगळी यादी त्यानं केली. राजे जिंकल्यावर हेच करतात, आणि दोन वर्षांनी पुन्हा बंड होतं. मी यादी चुलीत घातली. मी साधू झाले होते असं नाही. पुढच्या सभेत चहा आला तेव्हा मी सगळ्यांना आधी दिला आणि उपसरपंचांना सर्वांत शेवटी, साय आलेला. तेवढ्यानं माझं भागलं.

ती पुढची सभा मात्र खरीखुरी भरली. आक्कानं बुक स्वतःपुढं ओढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तास गेला. कंडक्टरकाका घोरायला लागले. चौथ्या ठरावाशी तिचं बोट थांबलं. आमच्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव, मीच घातलेला. "ह्यावर नाय करत मी सही," ती म्हणाली. "आधी शाळेपुढं बसवा. पोरं चिखलातून जातात." माझं तोंड सवयीनं उघडलं. मग माझ्या लक्षात आलं की आता एखादी चूक माझ्या हातून व्हायच्या आधी कुणीतरी ती वाचणार आहे. मी तोंड मिटलं आणि ठराव खोडला. गायरानाचं आम्ही त्याच दिवशी नव्यानं लिहिलं, की निम्मी जागा चराईला राखावी. ते वर पाठवलं, फाईल अजून वरच आहे.

मिरगाच्या आधी दोन दिवस थोरले दीर आले. मेंढरं वेशीशी थांबली होती, धूळ गावात येत होती. ते ओट्यावर पाय धुवत होते. आक्का चुलीपाशी होती, आणि मला दिसत होतं की तिचे हात परातीत थांबलेत. ती सांगायला उठेल त्याआधी मी बाहेर गेले. डोक्यावर पदर घेतला आणि ठरावाचं सगळं सांगितलं, झेरॉक्सपासून चपलांपर्यंत. मध्ये ते एकदाच बोलले. सही कुणाची होती, त्यांनी विचारलं.

"सही आक्काची व्हती," मी म्हटलं. "बोट माझं व्हतं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. गायरानाला कुंपण घातलं का, विचारलं. मी म्हटलं, अजून नाही. फाईल वर गेलीय. मग तंवर चारतो, ते म्हणाले आणि पंच्यानं पाय पुसत बसले. घरातून पुन्हा भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मी आत जाऊन आक्काच्या शेजारी बसले आणि दुसरा गोळा मळायला घेतला.